विमा कंपनीला मान्य होईल असा घराचा अलार्म : ब्रिटनमधील मंडळींचा सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ :

नमस्कार. आम्ही अकरा वर्षे इंग्लंडमध्ये आहोत आणि गेल्या वर्षी स्लाव येथे एक सेमी-डिटॅच्ड घर घेतले. लग्नापासूनचे दागिने आजवर बँकेच्या लॉकरमध्ये असत. शाखेने ती सेवाच बंद केल्यामुळे ठुशी, मोहनमाळ, पाटल्या, तोडे असे सगळे घरी आणावे लागले. विम्याच्या नूतनीकरणापूर्वी मी त्यांचे नवे मूल्यांकन करून घेतले आणि २४,००० पौंडांचा आकडा विमा कंपनीला जसाच्या तसा कळवला. त्यावर त्यांनी हप्ता तर वाढवलाच, शिवाय पॉलिसीला एक पुरवणी जोडली. एनएसआय किंवा एसएसएआयबी या तपासणी संस्थांची मान्यता असलेल्या कंपनीने बसवलेला अलार्म घरात असावा, त्याच्या देखभालीचा करार चालू असावा, आणि घरात कोणी नसताना तसेच रात्री सर्वजण झोपल्यावर तो लावलेला असावा; तसे नसल्यास चोरीचा दावा मान्य होणार नाही, असा तिचा आशय आहे.

मी तीन ठिकाणी चौकशी केली. दारोदार पत्रके टाकणारी एक मोठी कंपनी सुरुवातीला काहीही न घेता महिना ४० पौंडांत, ३६ महिन्यांच्या करारावर सर्व काही करून देण्यास तयार आहे. ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन मोबाइलवर चालणारा संच ३५० पौंडांत बसवून देतो म्हणतो आणि ‘विम्यासाठी एवढे पुरते’ असा दिलासाही देतो. तिसरी कंपनी एनएसआयच्या मान्यतेची असून तिने नुसत्या भोंग्याच्या अलार्मचे ८५० पौंड आणि देखभालीचे वर्षाला १०० पौंड सांगितले आहेत; चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या केंद्राला जोडायचे असल्यास महिना २२ पौंड वेगळे पडतील. घराच्या आधीच्या मालकाचा एक जुना अलार्म जिन्याखाली आहे आणि तो टेलिफोनच्या तारेला जोडलेला दिसतो. तो वापरता येईल का? नुसता भोंगा विमा कंपनीला चालतो का? आणखी एक अडचण अशी की आई दर उन्हाळ्यात पाच-सहा महिने आमच्याकडे असते आणि पहाटे चार वाजता उठून खाली येते. रात्री अलार्म लावायचा तर तिचे काय करावे?

तारयंत्री :

मी लेस्टरमध्ये एकोणीस वर्षे अलार्म बसवण्याचे काम केले. आता तो व्यवसाय सोडला असल्यामुळे कोणाची भलामण करण्याचे मला कारण नाही.

आपण अलार्मची निवड करायला निघाला आहात, पण त्याआधी विमा कंपनीला कागदावर नेमके काय हवे आहे ते ईमेलने विचारून घ्यावे. दूरध्वनीवर मिळालेले ‘हो, चालेल’ हे उत्तर दाव्याच्या वेळी कोणालाही आठवत नाही. विमा कंपनीचा माणूस भिंतीवरचा डबा कोणत्या कंपनीचा आहे हे पाहायला येत नसतो. तो प्रमाणपत्र मागतो. त्या प्रमाणपत्रावर आपला पत्ता, अलार्मचा ग्रेड, तो कोणत्या मानकानुसार बसवला आणि बसवणाऱ्या कंपनीला कोणाची मान्यता आहे, या गोष्टी असतात. एनएसआय आणि एसएसएआयबी या दोन्ही संस्था स्वतः अलार्म बसवत नाहीत. बसवणाऱ्या कंपन्यांच्या कामाची आणि दप्तराची त्या तपासणी करतात, आणि त्या दोघींवर यूकेएएस या संस्थेची अधिस्वीकृती असते. विम्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच समजाव्यात. काही जुन्या पॉलिसींत अजूनही ‘नॅकॉस’ असा शब्द आढळतो. ती संस्था २००१ साली एनएसआयमध्ये विलीन झाली, त्यामुळे कोणाच्या कागदावर तो शब्द असेल तर आज त्याचा अर्थ काय धरायचा, हेही लेखी विचारून ठेवावे.

ग्रेडचा अर्थ थोडक्यात सांगतो. ईएन ५०१३१ हे युरोपीय मानक ब्रिटनमध्ये पीडी ६६६२ या नियमावलीतून लागू होते आणि त्यात एक ते चार असे ग्रेड आहेत. अलार्मची फारशी माहिती नसलेला, साधी हत्यारे घेऊन येणारा चोर ग्रेड २ मध्ये गृहीत धरलेला असतो, आणि बहुतेक घरांना तेवढे पुरते. अलार्मची माहिती असलेला, तयारीने येणारा चोर ग्रेड ३ मध्ये धरतात; म्हणून त्या ग्रेडच्या सेन्सरवर कोणी कागद चिकटवला किंवा फवारा मारला तरी ते पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य यंत्राला, कळावे लागते. सराफाच्या दुकानाला आणि फार मोठ्या रकमेच्या घरांना तो मागतात. आपल्या पुरवणीत ग्रेडचा आकडाच दिसत नाही, म्हणून आपला पहिला ईमेल त्याबद्दलच असावा. एक बारकावा असा की सगळ्या अलार्मचा ग्रेड त्यातील सर्वांत कमी ग्रेडच्या भागावरून ठरतो, त्यामुळे ग्रेड ३ चे पॅनेल घेऊन त्याला ग्रेड २ चे सेन्सर जोडले की पैसे गेले आणि ग्रेड दोनच राहिला.

आता आपल्या तीन प्रस्तावांकडे वळतो. इलेक्ट्रिशियन मित्र कामाला चोख असेल, याबद्दल शंका नाही. टेक्सकॉम किंवा पायरॉनिक्स यांची ग्रेड २ ची उपकरणे त्यालाही मिळतील आणि तो ती माझ्यापेक्षा नीटस बसवेल. पण उपकरणाला ग्रेड असणे वेगळे आणि बसवलेल्या अलार्मचे प्रमाणपत्र असणे वेगळे. ते प्रमाणपत्र मान्यताप्राप्त कंपनीखेरीज कोणी देऊ शकत नाही, आणि आपल्या पुरवणीला हवे आहे ते तेवढेच. तेव्हा या घराच्या विम्यापुरता तो प्रस्ताव बाद.

मोठ्या कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात. मान्यता चोरीच्या अलार्मसाठी आहे की केवळ कॅमेऱ्यांसाठी, हे एनएसआय किंवा एसएसएआयबीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावे, कारण मान्यता कामाच्या प्रकारानुसार दिली जाते आणि पत्रकावर मात्र नुसता शिक्का छापलेला असतो. उपकरणे कोणाच्या मालकीची राहतील आणि ३६ महिन्यांनंतर करार मोडल्यास ती काढून नेली जातील का, हे विचारावे. तिसरे म्हणजे इंजिनिअर कोड. हा कोड पॅनेलच्या किल्लीसारखा असतो. तो दिला नाही, तर उद्या दुसऱ्या कंपनीला त्या पॅनेलची देखभाल करता येत नाही आणि आपण पहिल्या कंपनीशी बांधले जातो. मी कितीतरी घरांतील उत्तम स्थितीतील पॅनेल केवळ या एका कारणासाठी उतरवून टाकली आहेत.

भोंगा वाजला म्हणून पोलीस येतील, अशी अनेकांची समजूत असते. तसे होत नाही. पोलिसांनी यावे असे वाटत असेल, तर अलार्म मान्यताप्राप्त कंपनीने बसवलेला, देखभालीतला आणि संदेश स्वीकारणाऱ्या केंद्राला जोडलेला असावा लागतो, आणि त्याला पोलिसांकडून यूआरएन हा स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागतो. त्यातही एकाच सेन्सरचा इशारा पुरत नाही. बीएस ८२४३ या नियमावलीप्रमाणे दुसऱ्या सेन्सरने किंवा आवाजाने वा चित्राने त्याला पुष्टी मिळाली, तरच केंद्र पोलिसांना कळवते. बारा महिन्यांत तीनदा खोटा इशारा गेला की पोलिसांचा प्रतिसाद काढून घेतला जातो आणि ही बातमी विमा कंपनीला कळवणे बहुधा आपल्यावरच असते. शिवाय किमान दोन कीहोल्डर लागतात. कोड आणि चावी असलेली, स्वतःचे वाहन असलेली आणि वीस मिनिटांत घरापाशी पोहोचू शकणारी ही माणसे असावीत. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची खरी पंचाईत इथे होते. वायरी जोडणे सोपे, पण रात्री दोन वाजता उठून येणारा शेजारी मिळवणे कठीण.

इशारा वाजणे आणि कोणी येणे यांत केवढे अंतर असू शकते, हे २०१५ च्या ईस्टरमध्ये लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये सर्वांनी पाहिले. तिजोऱ्यांच्या त्या तळघराचा अलार्म मध्यरात्रीनंतर वाजला, पोलिसांना फोनही गेला, पण त्याला दिलेल्या प्रतवारीमुळे कोणी गेले नाही. सुरक्षारक्षक आला, त्याने बाहेरून पाहिले आणि तो परत गेला. चोर आत होते.

तरीही नुसता भोंगा निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या पुरवणीत केंद्राला जोडण्याची अट दिसत नाही, त्यामुळे भोंग्याचा ग्रेड २ अलार्म आणि त्याचे प्रमाणपत्र एवढ्याने अट पूर्ण व्हावी. तेही ईमेलमध्ये विचारून घ्यावे. मात्र घरात २४,००० पौंडांचे सोने असताना मी स्वतः महिना २२ पौंडांचा विचार केला असता. केंद्राला जोडलेल्या अलार्मची देखभाल वर्षातून दोनदा होते, त्यांपैकी एक फेरी दुरून तपासण्याची असू शकते. भोंग्याची वर्षातून एकदाच.

जिन्याखालचे जुने पॅनेल विसरा. तांब्याच्या तारेवरची टेलिफोन सेवा ३१ जानेवारी २०२७ पर्यंत कायमची बंद व्हायची आहे, आणि त्या तारेवर अवलंबून असलेला अलार्म आपला निरोप कुठेच पोहोचवू शकणार नाही. अनेक वर्षे इशारे पोहोचवणाऱ्या ज्या रेडकेअर सेवेवर ब्रिटनमधील असंख्य अलार्म विसंबून होते, तीही २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. नवा अलार्म घेताना इंटरनेट आणि मोबाइलचे सिम अशा दोन्ही वाटांनी संदेश जाईल असाच घ्यावा, म्हणजे राउटर बंद पडला तरी दुसरी वाट उरते. भिंतीतील जुन्या वायरी मात्र टाकू नयेत. त्या मीटर लावून तपासता येतात आणि चांगल्या निघाल्या तर बसवण्याचा खर्च कमी होतो. तिसऱ्या कंपनीने ८५० पौंडांचा आकडा वायरी पाहून दिला की न पाहता, हे विचारा.

शेवंती :

वरील माहिती पूर्ण आहे. मी फक्त आमच्या घरी काय झाले ते सांगते, कारण आमच्याकडे प्रमाणपत्र होते, देखभालीचा करार होता, आणि तरीही पैसे मिळाले नाहीत.

संक्रांतीचे हळदीकुंकू तीन घरे सोडून होते. संध्याकाळी पाचची वेळ, बाहेर काळोख पडलेला. मुलाला कडेवर घेऊन, हातात वाणाची पिशवी सांभाळत मी निघाले आणि ‘आत्ता येते’ म्हणून अलार्म लावला नाही. पन्नास मिनिटांनी परत आले तेव्हा मागच्या दाराच्या कुलपाचा सिलिंडर मधोमध मोडलेला होता आणि वरच्या मजल्यावरचे कपाट उपडे पडले होते. नुकसान १३,००० पौंडांच्या आसपास होते.

तिसऱ्या दिवशी विमा कंपनीकडून लॉस ॲडजस्टर, म्हणजे नुकसानीची तपासणी करणारे अधिकारी, आले. गृहस्थ अतिशय सौम्य होते. त्यांनी चहा घेतला, माझ्या मुलाशी बोलले, आणि मग अलार्म कंपनीच्या इंजिनिअरला बोलावून पॅनेलमधील नोंदी काढून घेतल्या. अलार्म कधी लावला, कधी काढला, कोणाच्या कोडने काढला, हे सर्व तारीख-वेळेसह त्यात असते, याची मला कल्पनाच नव्हती. त्या दिवशीची नोंद नव्हतीच, पण त्याआधीच्या तीन आठवड्यांतील रात्रींचीही नव्हती. दावा नाकारला गेला. आम्ही तक्रार केली, आठ आठवड्यांच्या आत त्यांचे अंतिम उत्तर आले, मग सहा महिन्यांच्या मुदतीत आम्ही अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिसकडे गेलो. त्यांनी कागदपत्रे पाहून विमा कंपनीचीच बाजू ग्राह्य धरली.

त्या निमित्ताने कायदा वाचावा लागला. २०१५ च्या इन्शुरन्स ॲक्टमधील अकराव्या कलमाचा आशय असा आहे की न पाळलेल्या अटीमुळे प्रत्यक्ष घडलेल्या नुकसानीचा धोका वाढला असणे शक्यच नव्हते, असे आपण दाखवू शकलो, तर विमा कंपनीला त्या अटीकडे बोट दाखवून पैसे अडवता येत नाहीत. अलार्म लावला नव्हता म्हणून फुटलेल्या पाइपाचे पैसे नाकारता येणार नाहीत. आमचा पाइप दोन वर्षांनी खरोखर फुटला आणि ते पैसे विनातक्रार मिळाले. पण चोरी आणि न लावलेला अलार्म यांचा संबंध नाही असे कोण म्हणणार?

मला सर्वांत जास्त टोचते ते वेगळेच आहे. अलार्म लावण्याची ही अट आमच्यावर कोणी लादली नव्हती. पॉलिसी घेताना ‘व्यावसायिकाने बसवलेला आणि देखभालीचा करार असलेला अलार्म आहे का’ या प्रश्नापुढे माझ्या यजमानांनी ‘होय’ वर खूण केली, त्याबद्दल १८ पौंडांची सूट मिळाली आणि तिच्याबरोबर ती अट आली. प्रश्नाचे उत्तर खरेच द्यायला हवे, त्यात दुमत नाही. २०१२ च्या ग्राहक विम्याच्या कायद्याने ती काळजी घेणे ग्राहकावर बंधनकारकच आहे. पण ज्यांच्यावर अलार्मची सक्ती नाही, त्यांनी खूण करण्याआधी ‘या उत्तरामुळे कोणती अट लागू होईल, आणि सूट नको असल्यास ती अट वगळाल का’ असे अवश्य विचारावे.

आणि दुर्दैवाने कधी चोरी झालीच, तर अलार्म लावलेला होता असे सिद्ध करणाऱ्या नोंदी लगेच उतरवून घ्याव्यात. ग्रेड २ च्या पॅनेलने किमान २५० घटना साठवाव्यात अशी अपेक्षा असते. माणसांनी भरलेल्या घरात तेवढ्या घटना काही आठवड्यांत होतात आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात.

फोर्थकाठ :

एडिनबरोहून लिहितो आहे. माझा मुद्दा छोटा आहे. अलार्म चोर आल्याचे सांगतो, त्याला थांबवत नाही. म्हणून दागिन्यांसाठी तिजोरीचाही विचार करावा. इथल्या विमा कंपन्या तिजोरीत किती रोख रक्कम ठेवता येईल यावरून तिला मोजतात आणि दागिन्यांसाठी त्याच्या दहापट धरतात. ईएन १४४५० मानकाची एस२ वर्गातील तिजोरी ४,००० पौंड रोख, म्हणजे ४०,००० पौंडांच्या दागिन्यांसाठी सुचवली जाते. त्याच्या वरच्या, युरोग्रेड शून्य या वर्गातील तिजोरी ६०,००० पौंडांच्या दागिन्यांसाठी. आपल्या रकमेला एस२ पुरावी. ती काँक्रीटच्या जमिनीत बोल्टने पक्की केलेली असली पाहिजे, कारण सुटी तिजोरी म्हणजे चोराच्या सोयीसाठी एकत्र बांधून ठेवलेले गाठोडे. शेवंतीताईंच्या दाराचे झाले तसे होऊ नये म्हणून टीएस ००७ मानकाचा तीन तारे असलेला सिलिंडरही बसवून घ्यावा. एका संध्याकाळचे काम आहे.

कृष्णाकाठ :

सर्वांचा आभारी आहे. शेवंतीताई, आपला अनुभव वाचून पत्नी आणि मी बराच वेळ काही बोललोच नाही. आम्हीही ‘आत्ता येतो’ म्हणून बाहेर पडणाऱ्यांपैकीच आहोत.

तारयंत्री यांच्या सूचनेप्रमाणे ईमेल पाठवला. उत्तर असे आले की ग्रेड २ पुरेसा आहे, केंद्राला जोडण्याची सक्ती नाही, आणि रात्रीच्या अटीबाबत ‘अलार्म लावलेला असावा’ म्हणजे काय, ते ‘आम्ही अंतर्गत विचारून कळवू’. आईच्या पहाटेच्या फेरीबद्दल काही उपाय असल्यास कृपया सांगावा.

तारयंत्री :

त्या शेवटच्या वाक्याचे उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका, कारण आईंची सोय त्यातच आहे. प्रत्येक चांगल्या पॅनेलमध्ये घराचा काही भागच जागता ठेवण्याची सोय असते. रात्री बाहेरची दारे, खिडक्या आणि मागचा बैठकीचा भाग चालू ठेवायचा. वरचा मजला, जिना आणि स्वयंपाकघरापर्यंतची वाट मोकळी ठेवायची. आई पहाटे खाली येऊन चहाचे आधण ठेवतील आणि भोंगा वाजणार नाही. फक्त मागचे दार उघडून तुळशीला पाणी घालायचे असेल तर आधी कोड दाबावा लागेल. ‘रात्री अंशतः लावलेला अलार्म मान्य आहे’ एवढे शब्द विमा कंपनीकडून लेखी मिळवा. आईंना स्वतंत्र कोड द्या, त्यांना आठवेल असा. पण जन्मसाल नको. नोंदीत कोणी अलार्म काढला ते दिसते, आणि त्या परत गेल्या की तो कोड रद्द करता येतो.

सेन्सर कुठे बसवायचा हे इंजिनिअर ठरवेल, परंतु त्याला आपल्या घरातील रीती माहीत नसतात, त्या आपण सांगायच्या. एका घरी दर दिवाळीत मध्यरात्री अलार्म वाजायचा आणि घरचे लोक यंत्राला दोष द्यायचे. मी जाऊन पाहिले, तर बैठकीच्या खोलीत रेडिएटरच्या बरोबर वर, आत दिवा पेटलेला आकाशकंदील टांगलेला होता. हीटिंग सुरू झाले की गरम हवेने तो डुलायचा, आणि हलत्या उष्णतेवर काम करणाऱ्या सेन्सरला तो माणसासारखा वाटायचा. वाढदिवसाचे फुगे हेच करतात. गणपतीत समई रात्रभर तेवत ठेवत असाल, तर तो कोपरा सेन्सरच्या नजरेबाहेर ठेवायला सांगा. आपण केंद्राशी जोडणी घेतली आणि अशा इशाऱ्याला दुसऱ्या सेन्सरनेही पुष्टी दिली, तर तो पोलिसांच्या त्या तीन खोट्या इशाऱ्यांच्या हिशेबात जाऊ शकतो.

कृष्णाकाठ :

विमा कंपनीचे उत्तर आज आले. रात्री तळमजल्याची दारे-खिडक्या आणि रिकाम्या खोल्या यांवर अलार्म लावलेला असल्यास अट पूर्ण झाली असे मानले जाईल, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. तो ईमेल छापून पॉलिसीसोबत ठेवला आहे. तिसऱ्या कंपनीचा इंजिनिअर गुरुवारी वायरी तपासायला येणार आहे. इंजिनिअर कोड करार संपल्यावर आम्हाला किंवा नव्या कंपनीला देण्याची ओळ त्यांनी कुरकुर न करता करारात घातली, आणि केंद्राची जोडणीही घेण्याचे ठरवले आहे. तिजोरीसाठी जिन्याखालची जागा मोजली. जुने पॅनेल निघाले की ती मोकळी होईल.

एक कीहोल्डर मिळाला, शेजारचे निवृत्त बसचालक आनंदाने तयार झाले. दुसरा अजून मिळायचा आहे. लँगली किंवा बर्नहॅमच्या बाजूला राहणारे, गाडी असलेले आणि रात्री फोन उचलणारे कोणी येथे असल्यास कृपया मला निरोप पाठवावा. मी त्यांच्यासाठी तेच करण्यास तयार आहे.